मदत हवी आहे: पुनरुत्थानाची आशा रोजच्या जगण्यात कशी सांगावी?

प्रभूमध्ये सलाम. शहादा तालुक्यातील आमच्या घरगुती प्रार्थनासभेत बहुतेक कुटुंबे कापूस पिकवणारी आहेत. ईस्टर सरल्यावर बियाण्यासाठी उधारी करताना आणि सुरतेला कामाला गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहताना त्यांना पुनरुत्थान, म्हणजे प्रभू येशूचे मरणातून पुन्हा उठणे, ही केवळ मरणानंतरची गोष्ट वाटू लागते.

बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 24व्या अध्यायात अम्माऊस गावाच्या वाटेवरील दोघे शिष्य आपली आशा मावळल्याचे सांगतात, तरी उठलेला प्रभू त्यांच्याबरोबर चालतो आणि भाकर मोडताना ओळखला जातो. मला हाच भाग सर्वांत योग्य वाटतो. मात्र पीक नक्की येईल, असे खोटे आश्वासन त्यातून जाऊ नये, याची मला फार काळजी वाटते. अनुभवी पाळकांनी व भगिनींनी, विशेषतः अहिराणीतून शिकवणाऱ्यांनी, कृपया मार्गदर्शन करावे.