मसुदा ३: आईचं डायलिसिस कुठे घालायचं?

मेधा:
मंडळी, मसुदा ३ वर शनिवारी जे घोडं अडलं ते अजून तिथेच आहे. आईचं डायलिसिस ॲमकासच्या (अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या सामायिक अर्जाच्या) मुख्य निबंधात ठेवायचं की 'अदर इम्पॅक्टफुल एक्सपीरियन्सेस'च्या वेगळ्या चौकटीत हलवायचं? मर्यादा ५,३०० कॅरेक्टर्सची, मसुदा ६,१४० वर. त्यातले २,९०० नुसती घरची परिस्थिती. अर्ज करणारी मुलगी शुक्रवारी सबमिट करायचं म्हणतेय. उद्या रात्रीपर्यंत सांगा.

श्रीकांत:
हलवा. मुख्य निबंधाचा प्रश्न एकच, डॉक्टर का व्हायचंय. २०२४ च्या प्रवेशफेरीपासून 'डिसॲडव्हांटेज्ड'चा (तुम्ही वंचित आहात का, हा) जुना प्रश्न काढून ही चौकट आणली ती याचसाठी. कुटुंब, पैसा, वस्ती, शिक्षण, सगळं प्रश्नातच लिहिलंय. जागा १,३२५ कॅरेक्टर्स, म्हणजे जेमतेम दोनशे शब्द. त्यात फक्त हकिगत: कधीपासून, तिच्या अंगावर कोणतं काम पडलं, अभ्यासाचं काय झालं, आता काय. 'खूप कठीण काळ होता' याने काहीच कळत नाही. 'मंगळ-गुरू-शनि, दर खेपेला चार तास, ने-आण माझ्याकडे, म्हणून गुरुवारची ऑरगॅनिकची लॅब सोडली' याने सगळं कळतं.

नीलिमाताई:
सरसकट हलवू नका रे. दुसऱ्या परिच्छेदात फिस्टुलाचं (डायलिसिससाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीचं) आहे ते सोनं आहे. रोज सकाळी आईच्या हातावर बोटं ठेवून थरथर लागते का बघायची, आणि एका रविवारी ती लागेना तेव्हा सोमवारची वाट न बघता फोन लावला. थरथर थांबली म्हणजे आत गुठळी झाली असू शकते हे तिला माहीत होतं. त्या सहा ओळी मुख्य निबंधातच हव्यात. त्यानंतरचे रडारडीचे चार परिच्छेद मात्र काढाच. त्या जागी नेफ्रॉलॉजी (मूत्रपिंडविकार) क्लिनिकमधलं शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांसोबत राहून त्यांचं काम बघणं, आणू द्या, ते सध्या शेवटी दोन ओळींत कोंबलंय. नाहीतर कॉलेजात अर्ज वाचणारा विचारणार, मग नर्स का नाही? डायलिसिस टेक्निशियन का नाही? आईच्या आजाराने या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, डॉक्टर नेमकं काय ठरवतो हे जवळून पाहिल्याने मिळतं.

दिलीप:
आईला विचारलंय का कोणी? आजार तिचा, आणि वडिलांच्या कर्जाचा आकडासुद्धा आहे त्यात. घरातलं असं चव्हाट्यावर आणून सहानुभूतीवर ॲडमिशन मिळते ही समजूत आधी काढून टाका.

श्रीकांत:
दिलीपराव, सहानुभूती मागतंय कोण? ती चौकट ऐच्छिक आहे, 'नाही' म्हटलं म्हणून कोणी मार्क कापत नाही. पण दुसऱ्या वर्षाच्या फॉल सेमिस्टरमध्ये जीपीए (ग्रेडची सरासरी) ३.७ वरून ३.१ वर आलाय. कारण दिलं नाही तर वाचणारा स्वतःच्या मनाने एखादं लावणार. दोन वाक्यं पुरतात, आणि लगेच पुढच्या सेमिस्टरचे ग्रेड. कर्जाचा आकडा काढा, तिथे पटलं. 'शिकताना आठवड्याला अमुक तास नोकरी केली' यात पैशाचं सगळं येतं.

नीलिमाताई:
आईला विचारायचा मुद्दा बरोबरच आहे. त्याहून महत्त्वाचं, लिहिलेलं सगळं मुलाखतीत निघू शकतं. 'आई आता कशी आहे?' हे कोणीतरी चांगल्या मनानेच विचारेल. आवाज न कापता दोन मिनिटं बोलता येत नसेल तर तो भाग या अर्जात नको.

वैशाली (युवा समिती):
मसुदे लिस्टवर चर्चेला आणायचे नाहीत हे गेल्या वर्षीच ठरलंय. नावाऐवजी क्रमांक घातला म्हणून काय झालं, मंगळ-गुरू-शनि म्हटल्यावर कोण ते न कळायला इथे कोणी परकं आहे का? आणि मसुदे तपासणाऱ्यांनी वाक्यं नव्याने लिहून द्यायची नाहीत. सबमिट करताना लिखाण स्वतःचं असल्याचं प्रमाणित करावं लागतं. समासात प्रश्न लिहा, बस्स.

मेधा:
वैशाली, यापुढे समितीकडेच पाठवते. एक राहिलं: आईची काळजी 'वर्क अँड ॲक्टिव्हिटीज'मध्ये (अर्जातल्या कामं-उपक्रमांच्या यादीत) टाकता येईल का?

श्रीकांत:
येईल. एकूण १५ नोंदी, प्रत्येकी ७०० कॅरेक्टर्स. तीन 'मोस्ट मीनिंगफुल', त्यांना आणखी १,३२५. पण क्लिनिकल अनुभव म्हणून दाखवू नका, घरच्या माणसाची सेवा त्यात धरत नाहीत. तासही जपून. सेंटरबाहेर गाडीत बसून अभ्यास केला ते तास काळजीचे नाहीत. आणि तीच हकिगत तिन्ही ठिकाणी उगाळली की वाचणारा वैतागतो. नोंदीत काम, चौकटीत परिणाम, मुख्य निबंधात फिस्टुला.

अमोल:
वर्डमधून थेट पेस्ट करू नका, ठळक-तिरपं सगळं उडतं आणि अवतरणचिन्हांचा कधी कधी विचका होतो. साध्या टेक्स्टमध्ये करून मग टाका. स्पेस आणि परिच्छेदांमधल्या मोकळ्या ओळीही मोजल्या जातात. सबमिट झाल्यावर निबंधातली एक वेलांटीसुद्धा बदलता येत नाही, तेव्हा शुक्रवारच हवा असा हट्ट नको. फक्त जून सरत जातो तशी व्हेरिफिकेशनची (अर्जातले ग्रेड पडताळून बघण्याची) रांग वाढते. टेक्ससच्या सरकारी कॉलेजांना अर्ज आहे का? तिथे वेगळा फॉर्म, ५,००० कॅरेक्टर्स, म्हणजे अजून ३०० कापा.

दिलीप:
अमोल, विषय वेगळा, पण हॉलची किल्ली तुझ्याकडे आहे ना? शनिवारी मसुद्यांचं वाचन साडेचारला संपवा, पाचला नाटकाची तालीम आहे.

वैशाली (युवा समिती):
हॉल सहापर्यंत युवा समितीच्या नावावर आहे.