मार्बल कटरनेही प्लाय सरळ कापता येतो

टेबल सॉ (टेबलात बसवलेली विजेची करवत) नसेल तर ८ बाय ४ फुटांचा प्लाय घरी सरळ कापताच येत नाही असं कोणीतरी म्हटलंय, ते काही पटलं नाही. मी साध्या ४ इंची मार्बल कटरला (फरशी कापायचं हातातलं मशीन) ४० दातांचं लाकडाचं ब्लेड लावून आख्खं वॉर्डरोब कापलंय. पेन्सिलच्या रेघेवर नुसत्या हाताने मशीन चालवलं तर ते भरकटणारच, पहिल्या शटरला (वॉर्डरोबच्या दाराला) माझंही तेच झालं, मधे चांगलं ४ मिमी पोट आलं आणि बायकोने अजून ते विसरू दिलेलं नाही.

मग खिडक्यावाल्याकडून अॅल्युमिनियमचा ८ फुटी चौकोनी पाइप आणला. ब्लेडपासून बेस प्लेटच्या (मशीनखालच्या सपाट पत्र्याच्या) कडेपर्यंतचं अंतर भंगार तुकड्यावर कट मारून मोजायचं, रेघेपासून तेवढं सोडून पाइप दोन्ही टोकांना सी क्लॅम्पने (C आकाराच्या शिकंज्याने) प्लायवर आवळायचा आणि बेस त्याला टेकवून सावकाश ढकलत न्यायचं, बस. दोन्ही टोकांना टेपने परत मोजा, आणि ब्लेड स्वतः २-३ मिमी खातं तेही धरा, नाहीतर सगळे तुकडे कमी भरतात.

खाली जमिनीवर थर्माकोलची जाड शीट, म्हणजे कापलेला भाग लोंबकळून ब्लेड आवळत नाही. दात खालून वर येतात म्हणून चांगली बाजू खाली ठेवा, टवके वरच्या बाजूला उडतात. गॉगल घालाच, आणि ग्राइंडरला लाकडाचं ब्लेड लावायचा शहाणपणा कृपया करू नका, बोटं जातात.