जनमत चाचणी की जनमत कौल?

प्रश्न
एका अहवालाचं मराठी करतेय. पानापानावर 'ओपिनियन पोल' आहे. पहिल्या प्रकरणात 'जनमत चाचणी' लिहिलं, दुसऱ्यात त्याचं 'जनमत कौल' कधी झालं ते माझं मलाच कळलं नाही. तपासणाऱ्यांनी दोन्हींखाली लाल रेघ ओढून 'एक काय ते ठरवा' असा शेरा मारलाय. दोन्ही चालतात ना?

प्रतिसाद १
चालतात, पण एकाच अर्थाने नाही. कौल मूळचा अरबी. बोल, वचन असा त्याचा अर्थ. जुन्या दप्तरांतला कौलनामा त्यातलाच. देवाला लावतात तो कौलही आपल्याला माहीत आहे. तिन्हीकडे एक गोष्ट सारखी : कौल मिळाला की पुढे वाद नाही. चाचणी म्हणजे थोड्यांना विचारून बांधलेला अंदाज. मतमोजणीनंतर 'जनतेने कौल दिला' म्हणा, खुशाल. महिनाभर आधीच्या आकड्यांना कौल म्हणणं म्हणजे पेपर लिहून व्हायच्या आत निकाल लावणं.

प्रतिसाद २
थोड्यांना विचारलं म्हणून अंदाज, मग लाखोंना विचारलं तर कौल होतो का?

प्रतिसाद १
नाही होत. १९३६ साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे सुमारे २४ लाख उत्तरं आली होती. त्यांवरून त्यांनी रूझवेल्ट यांच्याविरुद्धचे उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. ज्यांना विचारलं आणि ज्यांनी उत्तर धाडलं, ते सगळ्या मतदारांसारखे नव्हतेच. ज्यांना विचारतात त्यांना 'नमुना' म्हणतात. ते सगळ्यांसारखे असावेत ही अट त्या शब्दातच आहे, नुसती संख्या नाही. (बोलण्यातला 'काय नमुना आहे!' वेगळा, तरी त्या साप्ताहिकाला तोही लागू पडला.)

प्रतिसाद ३
गोव्याचं काय करणार? १६ जानेवारी १९६७. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश राहायचं, यावर तिथे मतदान झालं. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१. इंग्रजीत त्याचं नाव 'ओपिनियन पोल', मराठीत 'जनमत कौल'. त्यात नमुना वगैरे काही नव्हता. फूल की दोन पानं, यांतल्या एका चिन्हावर प्रत्यक्ष मत द्यायचं होतं. म्हणजे इंग्रजी नाव फसवं आणि मराठी नेमकं! 'सार्वमत'ही शोभलं असतं, पण रुळलं ते रुळलं.

प्रश्नकर्ती
अरे वा. मग माझ्या अहवालात सगळीकडे 'चाचणी'. आता पुढची अडचण. एका तक्त्यावर मी '४२ टक्के मते' असं लिहिलंय. वाचणाऱ्याला ती पेटीतली मतं वाटतील का?

प्रतिसाद ४
वाटतीलच. आपल्याकडे विचारही मत आणि मतदान केलं तेही मत. क्रियापदाने वेगळं करा : मत *दिलं* ते पेटीत, मत *मांडलं* किंवा *नोंदवलं* ते प्रश्नावलीत. तक्त्यात सरळ '४२ टक्के उत्तरदाते' लिहा.

मी काही वर्षं अशा प्रश्नावल्या घेऊन दारोदार फिरलोय, म्हणून एक जास्तीचं सांगतो. 'सरकारने ही मदत द्यावी का?' आणि 'सरकारने ही मदत द्यायला नको का?' हे दोन प्रश्न नव्हेत. दुसऱ्यात उत्तर आधीच तोंडात घातलेलं असतं. 'नको का' ऐकलं की समोरचा मान डोलावून 'हवीच की' म्हणतो. तसंच 'माहीत नाही', 'अजून ठरलं नाही' आणि 'सांगायचं नाही' ही तीन उत्तरं एका रकान्यात कोंबू नका. तिसऱ्याचं ठरलेलं असू शकतं, फक्त ते तुम्हाला सांगायचं नसतं.

प्रश्नकर्ती
'मार्जिन ऑफ एरर'ला 'चुकीचे प्रमाण ३ टक्के' लिहिलंय. बरोबर?

प्रतिसाद १
नको. वाचणाऱ्याला वाटेल, शंभरातल्या तिघांनी चुकीची उत्तरं दिली. सगळ्यांना विचारलं असतं तर आला असता तो आकडा नमुन्यातल्या आकड्याच्या किती वरखाली असू शकतो, ते हे प्रमाण सांगतं. 'अधिक-उणे ३' हा घरचा शब्दप्रयोग असताना 'चूक' कशाला? साधारण १,००० जणांच्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकून निवडावा तशा) नमुन्याला एवढी फट राहतेच. ती निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात.

प्रतिसाद ३
आणि 'एक्झिट पोल'चं 'मतदानोत्तर चाचणी' करताना जपून. केंद्राबाहेर पडणाऱ्याला तिथेच गाठतात ती एक, आणि नंतर घरी जाऊन निवांत विचारतात ती दुसरी. मतदानोत्तर दोन्ही आहेत. तुमच्या अहवालात दोन्ही असतील, तर पहिलीला एक्झिट पोलच राहू द्या.

प्रश्नकर्ती
दोन्ही आहेत. प्रकरण पाचवं परत उघडते.