स्टँडबाय स्टाफ तिकिटावर परदेशप्रवास : परतीच्या तिकिटाचं काय करावं?

विमान कंपनीत ग्राउंड स्टाफला आहे. आईला घेऊन दुसऱ्या कंपनीच्या विमानाने झेड-ई-डी तिकिटावर (विमान कंपन्या एकमेकांच्या कर्मचाऱ्यांना आणि त्यांच्या घरच्यांना देतात ते सवलतीचं तिकीट) परदेशी जायचंय. भाडं अंतरावर ठरतं, कमीच आहे; वरचे कर आणि विमानतळ शुल्क मात्र जड जाताहेत. त्याची तयारी आहे. खरी अडचण परतीची. जागा उरली तरच बसवणार, म्हणजे तारीख पक्की नाही, आणि चेक-इनला परतीचं तिकीट मागू शकतात. व्हिसा, विमा हातात आहे, जाण्या-येण्याचं लिस्टिंग, म्हणजे स्टँडबाय यादीत नावनोंदणी, झालंय. आमच्या स्टाफ डेस्कने ‘बहुधा चालेल’ एवढंच सांगितलं. आईचे गुडघे दुखतात, विमानतळावर रात्र काढणं जमणार नाही. रजाही वाढणार नाही. स्टँडबाय परतीचं तिकीट काउंटरवर आणि इमिग्रेशनला कुणाचं चाललंय का, की परतावा मिळणारं पूर्ण भाड्याचं तिकीटच सोबत ठेवावं?