वीसच्या आतल्या पटाच्या शाळा : एकत्र करायच्या की दोन गुरुजी द्यायचे?

औसेकर : कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा मिळून समूह शाळा काढायचा विचार शासनाने २०२३ मध्ये मांडला, नंदुरबारमधल्या तोरणमाळ आणि पुण्यातल्या पानशेतच्या समूह शाळांचं उदाहरण देऊन. बराच विरोध झाला. मला तो विचार पटतो. माझा पुतण्या अकरा मुलांच्या शाळेत चौथीला आहे. एका खोलीत चार वर्ग. गुरुजी चौथीचा भागाकार घ्यायला वळले की पहिली उठून दारात. मतदार यादीचं काम निघालं की शाळेला कुलूप. वर्गात तो एकटाच. पाढ्यांची चढाओढ लावायची कुणाशी?

धारूरची लेक : दादा, आमच्या वस्तीपासून मोठी शाळा चार किलोमीटर, मधे ओढा. कायद्याने पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत सांगितली ती उगाच नाही. पाचवीला आम्ही सहा मुली पायी निघालो, सातवीला दोघी उरलो. पोरं सायकलवर गेली.

औसेकर : म्हणून तर गाडी द्या म्हणतोय.

धारूरची लेक : आणि गाडीवाल्याचं बिल थकलं की? घरी पहिली कोण बसणार, ते मला विचारा.

तांड्यावरचा मास्तर : पट धरतात ३० सप्टेंबरचा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघतात. कोयता, पेटी, कोंबड्या आणि लेकरं. माझा सव्वीसचा पट दिवाळीनंतर नऊवर येतो. ते नऊ थांबतात कारण शाळा दारात आहे, आजीला जमतं. हंगामी वसतिगृहातून दोन वेळचं जेवण मिळतं. शाळा लांब गेली तर आई त्यांनाही फडावर नेणार. उन्हाळ्याच्या तोंडाला परतलेलं पोरगं जोडाक्षरापाशी अडतं, मी पुन्हा बाराखडीपासून धरतो. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक कायद्यातच लिहिलेत. तेवढे द्या, आणि मतदार यादी दुसऱ्या कुणाकडे सोपवा.

औसेकर : मास्तर, फडाचं माझ्या ध्यानात नव्हतं. दोन गुरुजी खरंच मिळणार असतील तर चौथीपर्यंत माझा हट्ट नाही. पण सहावीच्या पुढे मी ठाम आहे. आठ मुलांसाठी गणिताला वेगळा, इंग्रजीला वेगळा शिक्षक मिळत नाही. तिथं मोठी शाळा आणि गाडी हवीच.

धारूरची लेक : सहावीपुढं चालेल. आधी ओढ्यावर पूल. मोजमाप करून गेल्याला दोन वर्षं झाली, अजून खड्डासुद्धा खणलेला नाही.