गच्चीवरच्या पंप कंट्रोलरसाठी पेटी हवी आहे (ठाणे)

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीसाठी टाकीची पातळी बघून पंप चालू-बंद करणारं सर्किट केलंय. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), मेनच्या विजेवरून ५ व्होल्ट देणारा हाय-लिंक सप्लाय, एक रिले (विजेने चालणारा स्विच). बोर्ड ७ बाय ९ सेंमी, उंची २२ मिमी. जागा टाकीखालची उघडी भिंत. सध्या साध्या प्लास्टिकच्या डब्यात बसवून कडेने सिलिकॉन भरलंय. तरी सकाळी झाकणाच्या आत थेंब दिसतात आणि रिलेच्या टर्मिनलवर हिरवट थर आलाय. तयार पेटी घ्यावी की थ्रीडी प्रिंट करून घ्यावी? वायफाय चालायला हवं.

प्रतिसाद १:
सिलिकॉन भरताना व्हिनेगरसारखा वास आला होता का?

प्रश्नकर्ता:
हो, चांगलाच.

प्रतिसाद १:
मग तो हिरवा थर बहुतेक त्याचाच. ते सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं, बंद डब्यात ते तांब्या-पितळेवर बसतं. न्यूट्रल क्युअर (हे ॲसिड न सोडणारी) लिहिलेली ट्यूब घ्या. थेंब मात्र पावसाचे नसावेत. उन्हात डब्यातली हवा तापून फटीतून बाहेर जाते, डबा गार झाला की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. म्हणून नुसतं घट्ट बंद करून भागत नाही. तळाला ३ मिमीचं एक भोक ठेवा, आतून बारीक जाळी चिकटवा.

पेटी आयपी६५ (धूळ आणि पाण्याचा फवारा अडवणारी), पॉलिकार्बोनेटची, साधारण १५ बाय ११ बाय ७ सेंमी. एबीएस प्लास्टिक उन्हात पिवळं पडून ठिसूळ होतं. लोखंडी पेटी वायफाय अडवते. प्रिंट करायचीच तर पीएलए (थ्रीडी प्रिंटचं नेहमीचं प्लास्टिक) नको, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. शिवाय थरांमधून पाणी झिरपतं. सीसीटीव्हीवाले वापरतात तो ४ बाय ४ इंची बॉक्स जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल, बोर्ड त्यात मावेलही, पण ग्लँडचा (केबल पेटीत घट्ट बसवणाऱ्या जोडाचा) नट आणि वायरचा बाक यांना जागा उरणार नाही. मोठा नाहीच मिळाला तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड: दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा. बोर्ड सोबत न्या, पेटीत ठेवून बघा.

प्रतिसाद २:
पंपाचा करंट या पेटीतून नेऊच नका. छोट्या रिलेचे काँटॅक्ट मोटर सुरू होतानाच्या झटक्याने चिकटतात आणि मग टाकी वाहत राहते. खाली पॅनेलमध्ये काँटॅक्टर (मोटरचा करंट झेलणारा मोठा रिले) बसवा, रिलेने फक्त त्याची कॉइल चालवा. कॉइल सुटताना ईएसपी रीसेट होत असेल तर कॉइलच्या दोन टोकांना आरसी स्नबर (झटका शोषणारी जोडी) लावा: ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेनच्या विजेसाठीचा) कपॅसिटर आणि १०० ओहम, सिरीजमध्ये.

यामुळे केबलही बारीक होतात. सेन्सरला पीजी७ मापाचा ग्लँड (भोक १२.५ मिमी, केबल ३ ते ६.५ मिमी), मेनला पीजी९ (भोक साधारण १५.५ मिमी, केबल ४ ते ८ मिमी). केबल गोलच हवी; चपटीच्या दोन्ही कडांनी पाणी शिरतं. एका ग्लँडमध्ये एकच केबल, आणि सगळे ग्लँड तळाला. ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ तिथेच टपकतो. भोकं स्टेप ड्रिलने, कमी वेगात पाडा, दाबलंत तर कडेला तडा जातो.

प्रश्नकर्ता:
बोर्ड आत कसा बसवू?

प्रतिसाद २:
एम३ चे १० मिमी नायलॉन स्पेसर, पेटीच्या आतल्या उंचवट्यांवर. मागच्या भिंतीला आरपार भोक पाडू नका. ईएसपीचा अँटेनाकडचा टोकाचा भाग वायरींपासून मोकळा राहू दे. परफबोर्डवर (भोकं आणि तांब्याचे ठिपके असलेल्या बोर्डवर) मेन आणि ५ व्होल्टच्या मध्ये किमान ८ मिमी अंतर ठेवा, त्या पट्ट्यातले तांब्याचे ठिपके खरवडून काढा. हिरवं झालेलं टर्मिनल बदलाच. झाकण उघडण्याआधी एमसीबी पाडून टेस्टरने नाही, मीटरने खात्री करा.