उड्डाणपूल: हा शब्द तुमच्या बोलण्यात कसा येतो?

बातमीत 'उड्डाणपूल' असतो, बोलताना आपण 'ब्रिज' नाहीतर 'फ्लायओव्हर' म्हणून मोकळे होतो. या शब्दाशी तुमची गाठ कुठे पडली, ते लिहा. सुरुवात मी करते. पाटी वाचून माझ्या लेकीने विचारलं, "आई, इथून विमान उडतं का?" उड्डाण म्हणजे झेपसुद्धा, हे सांगताना मारुती आठवला. समुद्र ओलांडताना त्याने घेतलं ते उड्डाणच. हा रस्ताही चौकावरून तशीच झेप घेतो. तिला ते लगेच पटलं.

*

मी मुद्रितशोधन करते. 'पूल' दीर्घ, पण 'उड्डाणपुलावर', 'उड्डाणपुलाखाली' ह्रस्व. फलकांवर 'पूलावर' दिसलं की जीव तुटतो. संस्कृत 'उड्डाण' आणि फारसीतून आलेला 'पूल' यांची जोडी मात्र इतकी छान जमलीय की सांधा दिसत नाही.

*

आमच्याकडचा अनुभव जरा गंभीर आहे. आईने रस्ता कुठून ओलांडायचा म्हणून विचारलं. कुणीतरी "पुलावरून जा" म्हणालं. सांगणाऱ्याच्या मनात पादचारी पूल होता. आई उड्डाणपूल चढायला लागली. पदपथ नाही, कठड्याला चिकटून चाललेली, शेजारून गाड्या सुसाट. एका दुचाकीवाल्याने थांबून तिला खाली आणलं. तेव्हापासून घरात नुसतं 'पूल' म्हणायचं नाही, असा नियमच केलाय. पायी जायचा तो पादचारी पूल, गाड्यांचा तो उड्डाणपूल. वयस्कर माणसांना रस्ता सांगताना कृपया पूर्ण शब्द वापरा.

*

मी गाडी चालवतो. प्रवाशांच्या तोंडी यातला एकही शब्द नसतो. "वरून घ्या" किंवा "खालून घ्या", बस्स. खालून म्हणजे सिग्नल आणि वळणं, हे दोघांनाही ठाऊक असतं. खरी अडचण नकाशाच्या ॲपची. आपण वर आहोत की खाली, हे त्याला कित्येकदा कळतच नाही.

*

अमेरिकेतल्या सहकाऱ्याला 'फ्लायओव्हर' म्हटल्यावर आधी लष्करी विमानांची सलामी आठवली. आपल्या अर्थाने तिकडे सहसा 'ओव्हरपास' म्हणतात. बंगालीत मात्र 'उडालपूल' आहे, म्हणजे आपल्यासारखाच उडणारा! तमिळमधला 'मेम्पालम' सरळ 'वरचा पूल'. मला आपला आणि बंगाल्यांचा जास्त आवडतो.

*

आमच्या बोलण्यात रेल्वे फाटकावरून नेलेला पूलही उड्डाणपूलच. तुमच्याकडे त्याला वेगळं काही म्हणतात का?